आईच्या वयाचं सरोवर

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी वक्ता नाही. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत पूल आणि रस्ते केले. आपल्या चिटणीसांनी 'आइसलँडला जाऊन आलात, चार शब्द बोला' म्हटलं, म्हणून उभा आहे. मागे पोहे तयार आहेत हे मलाही कळतंय, लांबवत नाही.

भर जानेवारीत तिकडे जायचं खूळ मुलाचं. तो लंडनला असतो, त्याला सुट्टी तेव्हाच मिळाली. इंदूरच्या थंडीत दोन स्वेटर चढवणारी आमची ही म्हणाली, "अहो, गोठूनच परत येऊ आपण." प्रत्यक्षात दक्षिण किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपासच होतं. उष्ण सागरी प्रवाहामुळे तिथे हिवाळ्यातसुद्धा पाऊस पडतो. खरा त्रास वाऱ्याचा. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं पहिली सूचना दिली ती ब्रेकची नाही, दाराची. दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर वारा दार उपटून नेईल! मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी आलं नाही.

राजधानी रेक्याविकपासून योकुलसार्लोन पावणेचारशे किलोमीटर. वाटेत मुक्काम केला, कारण सकाळी साडेदहापर्यंत उजाडत नाही आणि चारला दिवेलागण. नावाचा अर्थ सरळ आहे : हिमनदीच्या नदीचं सरोवर. व्हात्नायोकुल नावाचा प्रचंड हिमाच्छादित पठारी प्रदेश आहे, त्याची एक जीभ खाली उतरते आणि या पाण्यात तुटून पडते. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. माणसं मोजकी. पाण्यावर घराएवढाले हिमनग, काही पांढरे, काही राखेच्या पट्ट्यांचे, आणि एक मात्र निळा, शाईच्या दौतीसारखा. दाबाखाली बर्फातली हवा निघून जाते, मग तो प्रकाशातला तांबडा रंग गिळतो आणि निळा तेवढा परत देतो. मुलानं हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, "असू दे. बघू दे जरा."

सरोवर पूर्ण गोठलेलं नव्हतं. भरतीचं खारं पाणी आत शिरतं ना! त्याबरोबर मासे येतात आणि माशांमागे सील. पंधरा-वीस तरी सील बर्फाच्या लादीवर लोळत होते, रविवारच्या दुपारी आपण लोळतो तसे. बोटी उन्हाळ्यातच चालतात. बर्फाच्या गुहेचा बेत हिनं हाणून पाडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला होता. मी थोडी कुरकुर केली, पण तिचंच बरोबर होतं.

आता माझ्या विषयावर येतो. सगळे हिमनगांचे फोटो काढत होते आणि मी पुलाचे. सरोवरातून समुद्राकडे जाणारी नदी अगदी आखूड आहे, काही शे मीटरची. तिच्यावर १९६७ चा एकेरी वाहतुकीचा झुलता पूल. देशाला वळसा घालणारा हमरस्ता त्यावरूनच जातो. काठाला मोठमोठे दगड रचलेले पाहिले आणि ओळखीचं दुखणं दिसलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिमनदीचं तोंड समुद्रापासून जेमतेम किलोमीटरभर होतं. तिचा गाळ नदीतून थेट किनाऱ्याला मिळायचा. मग ती मागे हटू लागली, १९३४-३५ च्या सुमारास खोलगटात पाणी साचायला लागलं आणि सरोवर झालं. आज ते १८ चौरस किलोमीटरच्या वर आहे. खोली इतकी, की तीन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी बुडतील. आपल्या धरणांत बसतो तसा सगळा गाळ आता त्याच्या तळाशी बसतो. किनाऱ्याला भर मिळत नाही, समुद्र मात्र रोज खातो. पूल मधोमध उभा आहे.

गंमत म्हणजे त्याच मुलखात पूर्वी शेतं होती. हिमनदी पुढे आली आणि १७०० च्या आसपास तिथली वस्ती बर्फाखाली गेली. म्हणजे ती पुढे आली तरी माणसाला त्रास आणि मागे गेली तरी त्रास. फरक एवढाच, की या वेळी मागे जायला आपणही हातभार लावतोय.

पुलाखालून गेलेले तुकडे समुद्र परत काळ्या वाळूवर आणून टाकतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाणाऱ्यांना ते दृश्य कसं वाटेल, सांगायला नको. मी वाकून एका तुकड्याचा फोटो घेत होतो, समुद्राकडे पाठ करून. तसं करू नका, हे मुलानं तीनदा सांगितलं होतं. लाट आली ती गुडघ्यापर्यंत. ओढ अशी की पायाखालची वाळूच गेली. हिनं कॉलर धरली, मुलानं दंड. शेजारून टेबलाएवढा बर्फाचा तुकडा गडगडत गेला. तो पायावर आला असता तर हे भाषण झालं नसतं. गाडीत अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले, लाटेचं वगळून. आई १९३४ ची. सरोवराचं वय सांगितलं तर म्हणाली, "अरे, म्हणजे माझ्याच बरोबरीचं की!" मग पुलाच्या फोटोवर बोट ठेवून दगड कसले ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग पूल मागे सरकवा म्हणावं."

"आई, मागे सरोवर आहे. तेही वाढतंय."

"मग रे?"

इतके पूल बांधले, पण या 'मग रे'ला उत्तर सुचलं नाही. पोहे गरम आहेत तोवर घ्या.