हार्ड आणि हार्डली

मंडळी, मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाने इंग्रजी व्याकरणावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण शब्द कुठल्याही भाषेतला असो, त्याचं रूप चुकलं की अर्थ बिघडतो आणि कधीकधी माणसाचं नुकसानही होतं.

आमच्या गल्लीतला एक तरुण पाच वर्षं गॅरेजमध्ये राबला. नोकरीचा अर्ज घेऊन आला नि म्हणाला, ‘चाचा, जरा बघता का?’ अर्जात वाक्य होतं, ‘आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर फाइव्ह इयर्स.’ त्याला म्हणायचं होतं, पाच वर्षं मी कष्ट केले. वाचणारा समजणार, पाच वर्षांत याने काम जवळपास केलंच नाही! ग्रीसने माखलेल्या हातांची सगळी कमाई एका ‘ली’ने पुसली होती. तो ‘ली’ खोडला आणि वाक्य खरं झालं.

मुलाला दोष कसा द्यावा? शाळेत शिकवलेला नियम त्याने पाळला होता. विशेषणाला ‘ली’ लावा, क्रियाविशेषण तयार. स्लो-स्लोली, क्विक-क्विकली. नियम बराचसा खरा आहे. पण हार्ड आणि फास्ट हे शब्द तेच रूप ठेवून दोन्ही कामं करतात. जुन्या इंग्रजीत अशा क्रियाविशेषणांच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर असे. पुढे ते झिजलं आणि दोन्ही रूपं एक झाली.

‘हार्डली’चा अर्थही एके काळी ‘कष्टाने’ असाच होता. तो सरकत सरकत ‘जेमतेम’पर्यंत आला. हे आपल्याला परकं वाटायला नको. ‘सभेला मुश्किलीने दहा माणसं होती’ असं आपण म्हणतो, तेव्हा मुश्किल कुणाला पडलेली असते? माणसं कमी होती, एवढंच सांगायचं असतं. तसंच लेट म्हणजे उशिरा, पण लेटली म्हणजे अलीकडे. नियर म्हणजे जवळ आणि निअरली म्हणजे जवळजवळ. इथे तर मराठीने शब्द दोनदा उच्चारून तेच काम केलं आहे.

गुड आणि वेलचा घोटाळा मात्र आपल्या बोलण्यातूनच येतो. ‘ती चांगली मुलगी आहे’ आणि ‘ती चांगली गाते’, शब्द एकच. माझ्या घरच्या बोलीतही ‘अच्छी लडकी’ आणि ‘अच्छी गाती’. म्हणून ‘शी सिंग्ज गुड’ तोंडात सहज येतं. प्रमाण इंग्रजीत मुलगी गुड असते, ती गाते मात्र वेल. वेलचा आणखी एक उपयोग तब्येतीसाठी. ‘आय ॲम वेल’ म्हणजे माझी प्रकृती बरी आहे.

आता उलट बाजू. क्रियापद दिसलं की ‘ली’ लावायचाच, असंही नाही. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड ॲट मी अँग्रिली’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्यात माणसाची अवस्था आहे, दुसऱ्यात पाहण्याची रीत. बघा, मराठीने ‘दिसला’ आणि ‘पाहिलं’ असे दोन शब्द वापरून हा फरक आधीच केलेला आहे! त्याच न्यायाने ‘मला वाईट वाटलं’ याला ‘आय फेल्ट बॅड’ म्हणावं, ‘बॅडली’ नव्हे.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येही यावर वाद होतात. ॲपल कंपनीने 1997 साली ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात केली, तेव्हा ‘डिफरंटली’ का नाही, असं विचारणारे निघालेच. जाहिरातीला अशी मोकळीक शोभते. अर्ज करणाऱ्या गरिबाला ती कुणी देत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झालं. घरात मुलं हा अभ्यास करत असतील, तर ‘ली’चा नियम घोकून घेण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा. हा शब्द माणसाबद्दल सांगतोय, की त्याच्या कामाबद्दल? उत्तर त्यांनी मराठीत दिलं तरी चालेल.