कोंबडीचे पंख : भट्टींतील कुरकुरीतपणा

ज्या वस्तूला एके काळीं स्वयंपाकघरांत कोणी विचारीत नव्हतें, तिलाच पुढें मेजवानींत मानाचें पान मिळावें, अशीं उदाहरणें पाकशास्त्राच्या इतिहासांत थोडीं नाहींत. कोंबडीचे पंख हें त्यांपैकीं एक ठळक उदाहरण होय. हाडें अधिक, मांस थोडें, असा हा भाग. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बहुधा पाण्यांत उकळून सूप करण्याच्याच उपयोगाचा मानला जाई.

न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो शहरीं मेन स्ट्रीटवर 'अँकर बार' नांवाचें उपाहारगृह आहे. तेथें १९६४ सालीं टेरेसा बेलिसिमो या बाईंनीं हे पंख तेलांत तळले, लोणी व तिखट मिरचीचा सॉस यांत घोळले आणि सेलरीच्या दांड्या व ब्लू चीजची चटणी यांसह पाहुण्यांपुढें ठेवले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या प्रसंगाविषयीं मात्र त्या घरांतच दोन कथा आहेत. पति फ्रँक यांच्या सांगण्याप्रमाणें, मागविलेल्या मालाऐवजीं चुकून पंखच येऊन पडले होते. मुलगा डॉमिनिक यांच्या कथेंत शुक्रवारची रात्र आहे. कॅथलिक मंडळींचा मांसवर्ज्य दिवस मध्यरात्रीं संपतांच त्यांना कांहीं तरी चमचमीत द्यावें, म्हणून आईनें हा पदार्थ केला. त्याच शहरांत जॉन यंग हे कृष्णवर्णी गृहस्थ त्याच दशकांत अख्खे पंख पिठांत घोळवून, तळून, 'मम्बो' सॉससह विकीत असत, आणि या पदार्थाच्या जनकत्वावर त्यांचाही दावा होता. १९७७ सालीं बफेलो नगरीनें २९ जुलै हा दिवस पंखांचा दिवस म्हणून जाहीर केला.

हा मूळ पदार्थ तळणाचा. घरीं तो करावयाचा म्हणजे कढईभर तेल आलें. आणि उरलेलें तेल टाकून देणें जिवावर येतें, तर पुनःपुन्हां तापविणें प्रकृतीला बरें नाहीं. म्हणून विजेच्या भट्टीचा, म्हणजे ओव्हनचा, मार्ग सुचतो. परंतु पुष्कळांचा अनुभव असा कीं, भट्टींतून निघालेले पंख आंतून शिजलेले, पण वरून रबरासारखे चिवट लागतात. याचें कारण समजून घेतल्यास उपायही सांपडतो.

कोंबडीच्या कातडींत पाणी, चरबी आणि कोलॅजन नांवाचें चिवट द्रव्य, असे तीन मुख्य घटक असतात. पाणी उडून जावें, चरबी वितळून गळावी, कोलॅजन मऊ व्हावें, आणि मग राहिलेला पातळ पापुद्रा कडक होऊन तांबूस व्हावा, अशीं चार कामें झाल्याखेरीज कुरकुरीतपणा येत नाहीं. उकळतें तेल पंखाला चोहोंकडून भिडतें व हीं कामें झपाट्यानें उरकतें. हवा उष्णता सावकाश पोंचविते; शिवाय पंख दाटीनें मांडले तर त्यांचीच वाफ त्यांना भिजवीत राहते. तेव्हां जें काम तेल करितें, तें भट्टींत आगाऊ तयारीनें करावें लागतें.

या तयारीचा आरंभ दुकानांतच होतो. महाराष्ट्रांत कोंबडी सोलून देण्याची चाल आहे. कातडीच गेली तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ. म्हणून पंख कातडीसह हवेत, असें आधींच सांगावें. प्रत्येक पंख सांध्यावर कापून त्याचे तीन भाग करावे. टोंक सुपासाठीं ठेवावें, उरलेले दोन भाग भाजण्यास घ्यावे. कच्ची कोंबडी नळाखालीं धुऊं नये. शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला व कँपिलोबॅक्टर हे रोगजंतु ओट्यावर व भांड्यांवर पसरतात; ते मरतात शिजविण्याच्या उष्णतेनें, धुण्यानें नव्हे. पंख कागदानें नीट टिपून कोरडे करावे व कागद टाकून द्यावा.

एक किलो पंखांस एक सपाट मोठा चमचा बेकिंग पावडर व एक लहान चमचा मीठ एकत्र करून सर्व अंगांस चोळावें. बेकिंग पावडरच्या ठिकाणीं नुसता खाण्याचा सोडा कधींही वापरूं नये. तेवढ्या प्रमाणांत तो कडवट व साबणासारखा लागतो. पावडरींतील किंचित् क्षारधर्मामुळें कातडींतील प्रथिनें सैल होतात, तींतील पिठूळ भाग ओल शोषून घेतो, आणि बारीक बुडबुडे उठून पृष्ठभाग खरबरीत होतो. तांबूस रंग व भाजल्याचा सुवास ज्या क्रियेनें येतो, तिचें वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं केलें. ती क्रियाही क्षारधर्मी पृष्ठभागावर अधिक वेगानें होते.

नंतर ट्रेवर जाळी ठेवून तीवर पंख सुटे मांडावे व न झांकतां आठ तासांपासून एक दिवसापर्यंत फ्रिजमध्यें ठेवावे. फ्रिजची कोरडी हवा कातडी वाळविते. मात्र ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यांत, शिजलेल्या अन्नापासून दूर असावा.

भट्टी प्रथम १२० अंश सेल्सिअसवर तापवावी व पंख जाळीसह अर्धा तास ठेवावे. या मंद आंचेंत चरबी वितळते. मग उष्णता २२० अंशांवर नेऊन आणखी चाळीस ते पन्नास मिनिटें भाजावें. घरगुती लहान भट्टींत वरची तार पंखांच्या फार जवळ असते. तेथें शेवटचीं पंधरा मिनिटें लक्ष ठेवणें अवश्य आहे. कोंबडीचा अंतर्भाग ७४ अंशांस पोंचला म्हणजे ती खाण्यास निर्धोक होते. पंखांना याहून दहा-बारा अंश अधिक मिळाल्यास ते हाडापासून सहज सुटतात.

मसाला व सॉस शेवटींच. लसूण, तिखट व साखर २२० अंशांवर करपून कडू होतात. वितळलेल्या लोण्यांत वाटलेली लाल मिरची, लसूण व थोडा व्हिनेगर घालून गरम पंख त्यांत घोळावे आणि लगेच वाढावे. पंख सॉसांत मुरत ठेवल्यास दिवसभराच्या श्रमानें मिळविलेला कुरकुरीतपणा घटकाभरांत जातो. ज्यांना मराठी चव हवी, त्यांनीं तूप, काळा मसाला व लिंबाचा रस यांनीं तेंच काम साधावें.

या रीतीनें कढईभर तेल वांचतें. पण पंख म्हणून पथ्याचे होत नाहींत, कारण कातडींतील चरबी सगळीच गळून जात नाहीं. शिवाय सव्वा तासाची वीज व आदल्या रात्रीची आठवण हें मोल द्यावेंच लागतें. तें देण्याची ज्या घराची तयारी असेल, त्या घरीं सुपाच्या पातेल्यांत जाणारा हा उपेक्षित भाग ताटांतून सर्वांआधीं संपेल.