बिबट्या उचलून नेल्यावर

बिबट्याला पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडल्याने गावाचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. महाराष्ट्र हे जुन्नरमध्ये माणसांचे जीव गमावून शिकला. तरीही बिबट्या नुसता दिसला, की पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते.

जुन्नर, आंबेगाव, अकोले हा भाग धरणांच्या पाण्यावर बागायती झाला. उसाच्या फडात बिबट्याला आडोसा मिळाला, वस्तीच्या कडेला कुत्री, डुकरे, शेळ्या मिळाल्या. फडातच जन्मलेल्या पिल्लांना तोच मुलूख घर वाटतो. 2001 पासून जुन्नर वनविभागातले बिबटे पकडून सुमारे 40 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले जाऊ लागले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचा हिशेब मांडला. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. बिबटे हलवणे सुरू झाल्यावर ते 17 झाले.

असे का होते, हे भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामांकडे पाहून कळते. चालत्या रस्त्यावरचा गाळा रिकामा झाला, की नवा भाडेकरू हजर होतो. जुन्याला आजूबाजूची माणसे ठाऊक असतात, कोणत्या वेळी कुठे वर्दळ असते हे ठाऊक असते. नव्याला यातले काहीच माहीत नसते. बिबट्याची हद्दही अशीच असते. एक नेला, की मोकळ्या जागेत दुसरा येतो, कधी दोन तरुण येतात. आणि नेलेला जिथे सोडतात, तिथले गाळे आधीच भरलेले असतात. मग तो बिथरलेला, उपाशी प्राणी अनोळखी गावांतून परतीची वाट शोधत फिरतो. म्हणजे एका बिबट्यापायी दोन ठिकाणची गावे धोक्यात येतात.

सोडलेला बिबट्या किती लांब जाऊ शकतो, हे ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवले. 2009 मध्ये तो पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. महिनाभरात महामार्ग, कसाऱ्याचा लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. अंतर सुमारे 120 किलोमीटर. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. सुजय डहाके यांचा 2014 चा ‘आजोबा’ हा चित्रपट याच प्रवासावर आहे.

काल्हेरच्या खाडीपलीकडे येऊरचा डोंगर आहे, वायव्येला तुंगारेश्वर. बिबट्याचा वावर असलेली ही दोन्ही जंगले इतकी जवळ असताना या पट्ट्यात कधी बिबट्या दिसला, तर त्यात नवल नाही आणि घबराटीचे कारणही नाही.

वाघ हलवण्याची सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातली गोष्ट मात्र वेगळी. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. तिथे वाघिणीची जागा खरोखर मोकळी होती आणि आधी भक्ष्याची तजवीज करण्यावर भर होता. तो विषय मोठा आहे. इथे एवढेच, की भरलेल्या गाळ्यात बिबट्या कोंबणे आणि मोकळ्या जागेत वाघ वसवणे यांची गल्लत करू नये.

मग गावाने काय करायचे? शेळ्यांच्या गोठ्याला पक्के छप्पर आणि दार हवे. कचरा उघड्यावर राहिला, की कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. ऊसतोडीत पिल्ले सापडली, तर हात न लावता वनखात्याला कळवावे. मादी रात्री त्यांना घेऊन जाते. बिबट्याभोवती गर्दी करू नये, त्याला निघायला वाट ठेवावी.

माणसावर हल्ला करणारा बिबट्या वनखात्याने पकडलाच पाहिजे, आणि पकडल्यावर त्याला पुन्हा कुठे सोडता कामा नये. जो नुसता दिसतो, त्याच्यासाठी मात्र पिंजरा मागू नये. पुन्हा सांगायचे तर, बिबट्या नेता येतो, त्याची जागा नेता येत नाही. आणि त्या जागेवर पुढे कोण येईल, हे गावाच्या हातात राहत नाही.