आयोडिनची गाठ



मोकळी रुई वाघिणीत मावत नाही, म्हणून दाबून तिची गाठ बांधतात. अमरावती-अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या माणसाला हे आम्ही काय सांगावे! लहान उपग्रहाची अडचण नेमकी हीच. विजेवरच्या इंजिनात बहुधा झेनॉन वायू वापरीत आले. तो दुर्मिळ, महाग, शिवाय भारी दाबाच्या टाकीत कोंडावा लागतो. आयोडिन मात्र मुळातच बांधलेली गाठ. जखमेवरच्या टिंक्चरमधले हेच ते द्रव्य. थोडे तापविले की घनाची थेट वाफ होते. तिचे विद्युत्भारित कण विजेच्या जोराने मागे फेकले की उपग्रह पुढे रेटला जातो.

फ्रान्सच्या थ्रस्टमी कंपनीचे असे इंजिन नोव्हेंबर २०२० मध्ये एका चिनी उपग्रहावर गेले. त्याचा रेटा किती? फार तर एका सरकीच्या वजनाएवढा! पण दीडेक तास तो लागत राहिला, तेव्हा सुमारे २० किलोंच्या उपग्रहाची उंची २०० ते ४०० मीटरांनी बदलली. आयोडिन धातू खाते. म्हणून आतले भाग सिरॅमिकने झाकावे लागले.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. वजन किलोच्या आत, इंजिन नाहीच. हे इंजिन एकटेच त्याहून जड! ते आणखी लहान कोणी करावे? पुण्या-मुंबईवर सोडून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये इथेही आहेत, आणि लेथवर केसाएवढे माप धरणारे हात आमच्या संघटनेत आहेत.