बर्फावरचा मास्तर

वर्धा जिल्ह्यांतील मुलांना वैशाखांतलें ऊन ठाऊक. बर्फ ठाऊक तो गोळ्याचा. तेव्हां स्नोबोर्ड म्हणजे काय, हें प्रथम सांगावयास हवें. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ. १९६५ सालीं अमेरिकेंत शर्मन पॉपेन यांनीं आपल्या मुलींकरितां दोन स्की जोडून एक खेळणें केलें. १९९८ सालीं हा खेळ नागानोच्या ऑलिंपिकांत जाऊन बसला.

कॅनडांत या खेळाच्या शिक्षकांकरितां चार पायऱ्यांचीं प्रमाणपत्रें आहेत. पहिल्या पायरीचा शिक्षक नवशिक्यास उभें राहणें, थांबणें, वळणें शिकवितो. दुसरी पायरी अधिक कसोटीची. ज्याला वळतां येतें, पण वेडेंवांकडें, त्याला येथें सुधारावयाचें असतें. असा विद्यार्थी मागचा पाय झटकून फळी फिरवितो. कच्चा मास्तर ओरडतो, "पाय झटकूं नका!" जाणता मास्तर पाहतो, कीं उताराच्या भयानें त्याचें सारें अंग मागच्या पायावर रेललें आहे, पुढचें टोंक हलकें पडून वळत नाहीं, म्हणून बिचारा पाय झटकतो. मग तो त्याला सौम्य उतारावर नेतो व भार पुढच्या पायावर घ्यावयास लावतो. भय ओसरलें, कीं झटकाही जातो. उमेदवाराला स्वतः सफाईनें घसरतां आलें पाहिजेच. पण तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाहीं.

१९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योगांतून शिक्षणाचा पुरस्कार केला, तेव्हां टकळी शिकविणाऱ्या मास्तरापुढेंही असाच प्रश्न होता. मुलाचा धागा कां तुटतो? पेळू वाईट, कीं हात घाईचा? स्वतः सूत काढून दाखविल्यानें त्याचें उत्तर मिळत नव्हतें.