रातांधळेपणा आणि डोळ्यातले टपाल

शाळेतल्या गुरुजींनो आणि बाईंनो, दिवसा चांगले वाचणारे एखादे पोर दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेचकाळते, ताटातली वाटी चाचपडत शोधते, असे आपण पाहिले असेल. घरची माणसे म्हणतात, पोर धांदरट आहे. पण तो बहुधा धांदरटपणा नसतो, रातांधळेपणा असतो. त्याची दोन मुख्य कारणे आहेत आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

आपल्या डोळ्यात मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. अंधुक उजेडात पाहण्याचे काम त्यातल्या दंडपेशी करतात. एका डोळ्यात त्या सुमारे १२ कोटी असतात. प्रत्येक दंडपेशीच्या टोकात, भाकऱ्यांची चवड रचावी तशा, शेकडो बारीक चकत्या रचलेल्या असतात. या चकत्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. उजेड पकडतो तो हा ऱ्होडॉप्सिन.

आता गंमत पाहा. हे प्रथिन तयार होते ते टोकात नव्हे, पेशीच्या खालच्या भागात. दोहोंच्या मध्ये अरुंद मानेसारखी एकच वाट. खाली तयार झालेली काही प्रथिने या मानेतून टोकाकडे जायची, काही उलट दिशेला, जिथून मेंदूकडे खबर निघते तिकडे जायची. मग कोणते कुठे, हे पेशीला कळते कसे?

कळते ते पत्त्यावरून. पत्रावर ‘मुक्काम पोस्ट भोंगवली, तालुका भोर, जिल्हा पुणे’ असे लिहिले की टपालखाते आतला मजकूर न वाचता ते नेमक्या थैलीत टाकते. ऱ्होडॉप्सिन म्हणजे ३४८ दुव्यांची साखळी, आणि तिचा पत्ता असतो अगदी शेपटाशी, शेवटच्या दुव्यांत. पेशीतली वाहक प्रथिने तो ओळखतात आणि माल मानेकडे रवाना करतात.

बरे, हे काम एकदा करून संपत नाही. चवडीच्या वरच्या जुन्या चकत्या रोज गळतात, खालून नव्या येतात. रिचर्ड यंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली हे दाखवून दिले. सुमारे दहा दिवसांत सगळी चवड नवी होते. म्हणजे हे टपाल रोजच्या रोज पोचलेच पाहिजे.

आता पहिले कारण. ऱ्होडॉप्सिनच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक कण बसलेला असतो. उजेड लागताच या कणाचा आकार बदलतो, म्हणून आपल्याला दिसते. या शोधाबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आहारात अ जीवनसत्त्व नसेल तर पत्र पोचते, पण पाकीट रिकामे. यावर उपाय सोपा आहे. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेली पपई, दूध, अंडी पोराच्या पोटात जाऊ द्या. शिवाय सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात एक लाख एककांचा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा डोस मिळतो. मात्र तो आपल्या मनाने जास्त देऊ नये. बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर बुबुळच नासते.

दुसरे कारण आनुवंशिक. काही घराण्यांत ऱ्होडॉप्सिनच्या साखळीचे शेवटचे पाच दुवेच तयार होत नाहीत. पत्ताच फाटला! मग प्रथिन भलत्याच जागी साचते आणि पेशी हळूहळू मरते. इतर घराण्यांत दुसऱ्या प्रथिनांत बिघाड असतो. जगात सुमारे चार हजारांत एकाला असा रोग असतो. यात आधी रात्रीचे दिसणे जाते, मग बाजूचे. समोरचे पुष्कळ वर्षे टिकते. म्हणून असे मूल फळा वाचते, पण शेजारून आलेल्या बैलाला धडकते. त्याला ढोंगी म्हणून छडी मारू नका.

नेत्रदानाने हा रोग बरा होत नाही, कारण त्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलतात, दृष्टिपटल नव्हे. यातल्या एका प्रकारावर जनुक-उपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. पण तो त्या एकाच जनुकाच्या बिघाडावर चालतो. तेव्हा ‘हमखास गुण’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका.

आणखी एक. या रोगाच्या अनेक प्रकारांत दोष आई आणि बाप दोघांकडून येतो आणि दोघेही धडधाकट असतात. म्हणून एकट्या सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. अशा नात्यात दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. घरात रातांधळे माणूस असेल, तर सोयरीक ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

गुरुजी, आपल्या वर्गात संध्याकाळी चाचपडणारे मूल कोण, हे यंदा पालकांना विचारून घ्या. त्याला पुढच्या बाकावर, खिडकीजवळ बसवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. दोन कारणांपैकी कोणते, हे तिथून पुढच्या तपासणीत ठरेल. पहिले असेल तर पोर थोड्याच दिवसांत अंगणात धावू लागेल. दुसरे असेल तर दृष्टी अधू असल्याचा दाखला वेळेवर काढता येईल, आणि त्याचे शिक्षण अडणार नाही.