चौदा वर्षांचा शिपाई



आज मी तुम्हांला एका शिपायाची हकीकत सांगणार आहे. तो सेनापती नव्हता, त्याने किल्ला जिंकला नाही, त्याच्या नावावर मोठा पराक्रमही नाही. त्याचे वय आपल्या नववीच्या वर्गातील मुलाएवढे होते, एवढ्यासाठीच त्याची आठवण ठेवायची.

त्याचे नाव जेम्स मार्टिन. घरी त्याला जिम म्हणत. ३ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियातील टोकमवाल या गावी त्याचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब मेलबर्नजवळ हॉथॉर्न येथे राहू लागले. सहा भावंडांत जिम एकुलता एक मुलगा, बाकी साऱ्या बहिणी. शाळा सोडून तो शेतावर कामाला लागला होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रेलियात परदेशी लढण्यासाठी सक्तीची भरती नव्हती. जिमचे वडील भरतीसाठी गेले, पण त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा जिम म्हणाला, "मग मी जातो." आईवडिलांनी पुष्कळ समजावले. तो ऐकेना. परवानगी दिली नाही तर दुसऱ्या नावाने भरती होईन आणि पत्रही धाडणार नाही, असे त्याने बजावले. शेवटी आई अमेलिया हिने लेखी संमती दिली. १२ एप्रिल १९१५ रोजी तो सैन्यात दाखल झाला. अर्जावर वय लिहिले अठरा. खरे वय चौदा वर्षे तीन महिने!

यात आपण दोष कोणाला द्यावा? मुलगा खोटे बोलला हे खरे. पण त्या अर्जाला मोठ्या माणसांचेही हात लागले होते. आईपुढे मोठा पेच होता. मुलगा गेला तर निदान त्याची खबर तरी मिळावी, एवढेच तिच्या हाती उरले होते. आणि कचेरीच्या दृष्टीने कागद पुरा होता.

जून १९१५ मध्ये तो बोटीने निघाला. पुढे इजिप्तहून रणभूमीकडे जाताना, २ सप्टेंबर रोजी, त्यांच्या 'साउथलँड' या बोटीवर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. जिम सुमारे चार तास समुद्रात होता. त्यातून वाचला आणि ८ सप्टेंबरला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला.

गॅलिपोली हा तुर्कस्तानचा भाग. डार्डानेल्सची सामुद्रधुनी उघडून इस्तंबूल गाठावे, हा इंग्रज व फ्रेंचांचा बेत होता. तुर्क आपल्या भूमीचे रक्षण करीत होते. ऑस्ट्रेलियन फौजेबरोबर आपल्या हिंदुस्थानचे पहाडी तोफखानेही होते. त्यांत शीख आणि पंजाबी मुसलमान गोलंदाज होते. खेचरांवर पाणी व दारूगोळा वाहून नेणारेही हिंदुस्थानीच. म्हणजे दोन्ही बाजूंना कोणाची तरी लेकरे होती. तुर्कांच्या तोकात भागात तर कोवळ्या वयात लढाईवर बोलावलेल्या मुलांवरचे एक लोकगीत आजही गायले जाते.

जिमला गोळी लागली नाही. खंदकांत माशा, घाण आणि अपुरे पाणी होते. त्यातून हगवण आणि विषमज्वर पसरे. घरच्यांनी काळजी करू नये, असे तो पत्रांतून लिही. मात्र घरची पत्रे आपल्याला मिळत नाहीत, हे दुःख त्याने कळवले होते. अखेर विषमज्वराने त्याला गाठले. २५ ऑक्टोबर रोजी त्याला इस्पितळाच्या बोटीवर नेले आणि त्याच संध्याकाळी हृदय बंद पडून तो वारला. वय चौदा वर्षे नऊ महिने. बोटीवरील मुख्य परिचारिकेने त्याच्या आईला पत्र लिहून त्याच्या अखेरच्या घटका कळवल्या. त्याचा देह समुद्रात सोडण्यात आला, म्हणून त्याला कबर नाही. गॅलिपोलीतील लोन पाइन स्मारकावर सुमारे ४,९०० नावे आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांत, माहीत असलेल्यांपैकी, तोच सर्वांत लहान मानला जातो. दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, ऑस्ट्रेलियन फौजेने तो किनारा सोडला.

अठरा वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये, असा करार संयुक्त राष्ट्रसंघात झाला तो २००० साली.

पालकहो, आपल्याकडे मुलांना लढाईवर कोणी नेत नाही. पण वय वाढवून लिहिण्याचा मोह आपल्यालाही होतो. कधी मुलाला कामाला लावण्यासाठी, कधी मुलीचे लग्न लवकर उरकण्यासाठी. अडचण खरी असते, मुलाचा हट्टही खरा असतो. तरी सही करण्यापूर्वी अमेलिया मार्टिन आठवा. कागदावर वय वाढवता येते, पण त्यामुळे मूल मोठे होत नाही. शिक्षक बंधूंनो, शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारीख ही अमानत आहे. ती आपण जपू या.

आणि विद्यार्थी मित्रहो, जिम भित्रा नव्हता. त्याला मोठे व्हायची घाई होती. तुम्ही ती करू नका. तुमची दहावी अजून व्हायची आहे.